रस्त्यात पोराला उलटी झाली, सहल अर्धवट टाकून परत आलो. घाई केली का?

खिडकीतली_चिमणी | रविवार, रात्री ९:५०

सकाळपासून डोक्यात एकच विषय घोळतोय, तो इथे ओतते आणि झोपते.

महिनाभर आधी ठरलेला बेत होता. एका गाडीत आम्ही चौघं आणि सासू-सासरे, दुसऱ्या गाडीत नणंद, तिचे यजमान आणि त्यांचं तीन महिन्यांचं बाळ. वॉटर पार्कची तिकिटं आधीच काढलेली, पैसे परत मिळणार नाहीत असं त्यावर ठळक लिहिलेलं. लेक नऊ वर्षांची. तिने आदल्या रात्री पोहायचा पोशाख घालूनच झोपायचा हट्ट धरला आणि मीही झोप म्हटलं. धाकटा चार वर्षांचा.

तास-सव्वा तास गेला असेल. धाकटा मागच्या रांगेत ताईशेजारी बसला होता, एकदम गप्प. मला वाटलं पेंगतोय. "आई, पोटात कसंतरी..." एवढं बोलला आणि झालंच. अंगावर, सीटवर, पट्ट्यांच्या बकलात, ताईच्या पिशवीवर.

गाडी बाजूला घेतली. पुसलं, कपडे बदलले. नवरा म्हणाला, "गाडी लागली असेल. दहा मिनिटं हवा खाऊ दे, मग निघू." मी जवळजवळ हो म्हणणार होते. पोराला तहान लागली होती, त्याने बाटली तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायलं. वीसेक मिनिटांनी झाडाखाली उभा असतानाच परत उलटी, सगळं पाणी बाहेर. मग मी म्हटलं, बास, घरी.

नवऱ्याने काही न बोलता गाडी वळवली. नणंदेला फोन करून सांगितलं, तुम्ही जा. ते गेले. दिवसभर फोटो येत होते. लेक परतीच्या वाटेवर काचेला नाक लावून रडत होती, आवाज न करता. तो बिनआवाजाचा रडणं प्रकार मला मोठ्याने रडण्यापेक्षा जड जातो.

आणि दुपारी चार वाजता साहेब सोफ्यावरून खाली उड्या मारतायत! ताप नाही, जुलाब नाहीत, काही नाही. नवऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेपर वर धरला.

तर सांगा. तुम्ही काय केलं असतं?

---

सरळ_रेघ | ९:५८

परत आलात ते बरोबर. दोन उलट्या म्हणजे दोन उलट्या. झोपा आता.

---

बिनब्रेकची_सायकल | १०:१२

राग मानू नका, पण मी पुढे गेलो असतो.

आमच्याकडे दोन मुलगे. उलटी हा प्रवासाचा भागच आहे. गाडीत कायम एक झाकणाचा डबा, ओल्या फडक्यांचं पाकीट आणि प्रत्येकाचे दोन जास्तीचे कपडे. एकदा धाकट्याने डोंगराच्या पायथ्याशी भडाभडा ओकलं, तोंड पुसलं आणि "आता चढायचं?" म्हणाला. चढलो. आजही तो त्याचा सगळ्यात आवडता दिवस आहे. त्या दिवशी वळलो असतो तर त्याला फक्त ओकलेलं आठवलं असतं.

मुलं पडतात, ओकतात, उठतात. आपणच त्याचा तमाशा करतो. गटागटा पाणी प्यायलं की उलटणारच, ती दुसरी उलटी मी धरलीच नसती.

---

तीन_कार्टी_एक_आई | १०:३१

@सायकल, तुम्ही डोंगर चढलात कारण पोरगा "चढायचं?" म्हणाला. तो मुकाट्याने तुमच्या खांद्यावर मान टाकून पडला असता तर चढला असतात का? उत्तर तिथेच आहे.

तीन मुलं वाढवताना मी इतक्या उलट्या पुसल्यात की आता वासावरून सांगते. (हे अतिशयोक्ती नाही, पण तपशील देत नाही, कुणी जेवत असेल.) उलटी झाली या गोष्टीवरून मी काहीच ठरवत नाही. अर्धा तास थांबते आणि पोराकडे बघते. गाडी बंद, सावली, मोकळी हवा, तोंडात पाण्याचा एखादा घोट. त्या अर्ध्या तासात कुणी त्याला "बरं वाटतंय का?" असं दर दोन मिनिटांनी विचारायचं नाही. चार वर्षांचं पोर, त्याला वॉटर पार्क हवंय, ते हो म्हणणारच. विचारायचं नाही, बघायचं.

माझ्या मधलीला गाडी लागते. तिचं अगदी ठरलेलं आहे. आधी बडबड बंद. मग जांभया, एकामागून एक, झोप आलेली नसताना. मग वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आणि ओठांभोवतीची कातडी पांढरी. थुंकी सारखी गिळत राहते. इथवर लक्ष गेलं आणि गाडी थांबवली तर वाचलो, नाहीतर डबा. पण एकदा झालं आणि खाली उतरली की दहा-पंधरा मिनिटांत गालावर रंग परत येतो आणि ती खडे गोळा करायला लागते. खडे गोळा करायला लागली की मी निघते. डॉक्टर काय बघतात माहीत नाही, माझं यंत्र खडे.

थोरल्याला एकदा पोटाचा संसर्ग झाला तेव्हा चित्रच वेगळं होतं. उलटीनंतर हायसं वाटण्याऐवजी तो आणखी मलूल. खाली बसला तो बसलाच. समोरून कुत्र्याचं पिल्लू गेलं तरी मान वळवली नाही. तिथे मी अर्धा तासही थांबले नाही.

तर चिमणी, तुझा लेक झाडाखाली काय करत होता?

---

खिडकीतली_चिमणी | १०:४०

माझ्या पायाला बिलगून उभा होता. खडे नाही. चेहरा पांढरा.

आणि गाडी त्याला याआधी कधीच लागली नाही. म्हणून तर मी घाबरले.

---

तीन_कार्टी_एक_आई | १०:४२

मग मीही वळले असते. झोप.

---

उंबरठा | १०:५५

इथे सगळे "पोर आनंदी आहे का" एवढंच बघतायत. बाकीच्यांचं काय?

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी मुलीचा वाढदिवस होता. एक जोडपं मुलाला घेऊन आलं. केक कापून झाल्यावर सहज म्हणून सांगतात, "काल रात्री दोनदा ओकला, पण आज एकदम फ्रेश." खरंच फ्रेश होता, सगळीकडे नाचत होता, प्रत्येक फुगा त्याने तोंडाने फुगवला. दुसऱ्या दिवशी रात्री माझी मुलगी. पहाटे मी. मग बायको. मग आलेल्या पाहुण्यांतली चार घरं. माझे वडील ७८ वर्षांचे, त्यांना सलाईन लावायला न्यावं लागलं, तीन दिवस. त्या मुलाच्या आईबापांवर ओरडलो नाही, पण त्यांचा फोन आजही उचलताना हात जड होतो.

चिमणीताई, तुमच्या सोबत तीन महिन्यांचं बाळ आणि दोन ज्येष्ठ होते. माझ्या मते प्रश्नच नव्हता.

---

बिनब्रेकची_सायकल | ११:०३

तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आदल्या रात्री घरात, आपल्या पलंगावर ओकलेलं पोर आणि वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीत ओकलेलं पोर यात फरक आहे की नाही? एकदा ओकलं की त्याला घरात कोंडायचं, असा नियम केला तर ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांनी दहा वर्षं घराबाहेरच पडू नये.

---

उंबरठा | ११:०६

फरक आहे. पण रस्त्याच्या कडेला उभं राहून तो तुम्हाला कळतो का, हा माझा प्रश्न आहे.

---

गोळी_नको_डॉक्टर | ११:३०

मुलांचीच डॉक्टर आहे, आत्ता ड्यूटी संपली. इथून कुणाच्या मुलाचं निदान करत नाही, पण थोडी माहिती देते.

गाडी लागते म्हणजे काय, तर आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो की आपण हलतोय, वळतोय. त्याच वेळी डोळे गाडीच्या आतल्या स्थिर गोष्टी बघत असतात आणि सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. दोन साक्षीदारांचं जमत नाही आणि शिक्षा पोटाला. दोन वर्षांच्या आत हे फारसं दिसत नाही. दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त. म्हणजे "याआधी कधीच लागली नाही" हा चार वर्षांच्या मुलाबाबत पुरावा होत नाही, सुरुवात कधीतरी होतेच. मान खाली घालून काही बघितलं, पुस्तक किंवा मोबाइल, तर हमखास वाढते. @चिमणी, तो काही बघत होता का?

पोटाच्या संसर्गात विषाणू शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत वेळ जातो. नोरोव्हायरस असेल तर साधारण १२ ते ४८ तास. उंबरठा यांच्या घरी दुसऱ्या रात्री सुरू झालं, ते या हिशेबात बसतं. फार थोडे विषाणूही पुरतात, आणि उलटीचे बारीक तुषार वाटतं त्यापेक्षा लांब जातात. आणखी एक, हाताला चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर याच्यावर भरवशाचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, नीट चोळून. शेवटच्या उलटी-जुलाबानंतर पूर्ण ४८ तास शाळा नाही, समारंभ नाही, हा नियम त्यासाठीच. "आज फ्रेश आहे" याला काही अर्थ नसतो, फ्रेश मूलही पसरवतं.

आणि मुलं इतर शंभर कारणांनी ओकतात. खोकल्याची उबळ आली म्हणून, हुंदके देऊन रडली म्हणून, भरल्या पोटी झोपाळ्यावर बसली म्हणून, उन्हात तापली म्हणून. उन्हाचं असेल तर त्या दिवशीचं बाहेर फिरणं तिथेच संपवा. सावली, ओलं फडकं, घोट घोट पाणी. गाडीच्या काचा बंद करून एसी लावला म्हणजे झालं असं समजू नका, आधी अंग थंड करा.

पुढे जायचं की परतायचं, हा प्रश्न ज्या उलट्यांना लागूच होत नाही त्या सांगते. तिथे थेट दवाखाना. उलटीचा रंग हिरवा असेल किंवा रक्त दिसलं तर. पडून डोक्याला मार लागला होता आणि नंतर उलट्या सुरू झाल्या तर, मग मार सकाळचा का असेना. पोट इतकं दुखतंय की हात लावू देत नाही. लहान बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, मधे गळून पडतंय. मान ताठ, उजेड सहन होत नाही. जागं करूनही नीट जागं होत नाही. आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही. आणि एक जे सगळे विसरतात: काही दिवसांपासून मूल खूप पाणी पितंय, सारखी लघवी होतेय, बारीक झालंय आणि आता ओकतंय, तर रक्तातली साखर तपासायलाच हवी, त्याच दिवशी. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वाट बघायचीच नाही.

दुसऱ्या उलटीबद्दल. ओकून झाल्यावर तहान लागते आणि मूल बाटली रिकामी करतं. चिडलेलं पोट ते ठेवून घेत नाही. दहा मिनिटं काहीच नको. मग ओआरएस, एक चमचा, म्हणजे ५ मिली. दर पाच मिनिटांनी. राहिलं तर हळूहळू वाढवा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट घालून "स्ट्राँग" करू नका, ते धोक्याचं आहे. गोड सरबतं आणि कोल्ड्रिंक त्याला पर्याय नाहीत.

उलटी थांबवायची गोळी घरातल्या डब्यातून काढून देऊ नका. माझा आयडी उगीच नाही.

---

शेवटचं_पान | ११:४४

अवांतर होईल, पण ओआरएसचं नाव निघालं म्हणून. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत होते आणि कॉलऱ्याची साथ आली. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. प्रशिक्षित नर्स नाही, सुई नाही, आई आणि पेला. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यातलं मीठ-ग्लुकोज आणखी थोडं पातळ केलं, आपण आज वापरतो ते तेच. महालनबीस २०२२ मध्ये गेले.

गाडीत डब्याशेजारी दोन पाकिटं टाकून ठेवायला काही जात नाही.

---

खिडकीतली_चिमणी | ११:५०

डॉक्टर, खूप आभार. नाही, गाडीत मी मोबाइल देत नाही, तो आमच्याकडे नियमच आहे. खिडकीतून बघत होता.

डोक्याला मार वगैरे काही नव्हतं. हिरवं-बिरवं नाही. बिस्किटांचा लगदा होता. तो कुठून आला देव जाणे, सकाळी मी फक्त दूध दिलं होतं.

---

दुपारची_झोप | सोमवार, सकाळी ७:१५

बाकी कुठे गेले असतात तर वेगळं, पण वॉटर पार्क? शेकडो लोकांच्या सामायिक पाण्यात, दोनदा ओकलेलं पोर? क्लोरीन असतं ना पण? खरंच विचारतेय.

---

गोळी_नको_डॉक्टर | ७:४०

क्लोरीन बहुतेक जंतू मारतं, पण ताबडतोब नाही आणि सगळे नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त टिकतो, म्हणून त्याचे जुलाब झाले असतील तर थांबल्यानंतरही दोन आठवडे तलाव बंद. नुसत्या उलट्या-जुलाबांत, कारण माहीत नसेल तर, निदान ४८ तास पाण्यात उतरवू नका. पोहताना मुलं पाणी गिळतात हो, कितीही सांगा.

ओपीडीला पळते.

---

थोरली | ९:२०

रात्री वाचलं आणि झोप लागेना. सगळे धाकट्याबद्दल बोलतायत, मी काचेला नाक लावलेल्या पोरीबद्दल बोलणार आहे. आयडीवरून कळलंच असेल.

माझ्या भावाला सगळंच लागायचं. गाडी, ऊन, वास, गर्दी. आम्ही सर्कसला निघालो आणि परतलो. समुद्रावर निघालो आणि परतलो. माझ्या मैत्रिणीच्या ताईच्या लग्नाला निघालो आणि गावाच्या वेशीवरून परतलो, मी नवा फ्रॉक घालून. दर वेळी आई म्हणायची, "तू मोठी आहेस ना, तू समजून घे." मी सात वर्षांची होते. समजून घ्यायचं म्हणजे काय करायचं, हे मला कळायचं नाही, म्हणून मी गप्प बसायचे आणि सगळे म्हणायचे, बघा किती समजूतदार.

आज मला दोन मुलं आहेत आणि आईबाबा परतायचे ते बरोबरच होतं, हे मला कळतं. भावाला तसं घेऊन कुठे फिरणार होते? पण चार मोठी माणसं असताना सगळ्यांनी मिळून एकच निर्णय का घ्यायचा? एकाने आजाऱ्याला घेऊन घरी जावं, दुसऱ्याने निरोगी पोराला पुढे न्यावं. बाबा मला एकदाही एकटीला पुढे घेऊन गेले नाहीत. "सगळे मिळून जायचं ठरलं होतं" म्हणून. सगळे मिळून न जाण्यापेक्षा दोघं जाणं वाईट कसं?

चिमणी, नणंदेची गाडी पुढे जातच होती ना? लेक आत्याबरोबर जाऊ शकली असती.

---

खिडकीतली_चिमणी | ९:४५

थोरली, हे वाचून पोटात खड्डा पडला. खरं सांगते, आत्याबरोबर पाठवायचं कुणालाच सुचलं नाही. त्यांच्या गाडीत जागा होती. मी पिशवी धूत होते, नवरा तिकिटांवरचा नंबर शोधत होता, सासूबाई पोराला वारा घालत होत्या. लेक तिथे उभी होती, पोहायचा पोशाख आत घालून, वर फ्रॉक.

---

उंबरठा | १०:०५

थोरली यांचं पटलं, पण एक आठवण करून देतो. पोटाचा संसर्ग असता तर ती लेक त्याच्या शेजारी तास-सव्वा तास बसलेली होती आणि तिच्या पिशवीवर उलटी होती. तिला तान्ह्या बाळाच्या गाडीत बसवणं मला धाडसाचं वाटतं.

---

थोरली | १०:१२

मग बाबांनी न्यायचं होतं, दुसऱ्या वाहनाने, बाळापासून लांब. निदान तिथे उभं राहून तिला एक वाक्य सांगायचं होतं की हे तुझ्यामुळे नाही, आणि तुझा दिवस राहिलाय तो अमुक तारखेला मिळेल. तारीख सांगायची. "पुढे कधीतरी" नको. पुढे कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे सात वर्षांच्या पोरीलाही कळतं.

---

सरळ_रेघ | १०:२०

तारीख सांगायची. +१.

---

बिनब्रेकची_सायकल | दुपारी १:३०

रात्रीचा माझाच प्रतिसाद परत वाचला. एक कबुली देतो.

डोंगरावर पोराने विचारलं म्हणून चढलो, ते खरं. पण त्याच्या आदल्या वर्षी एका जत्रेला गेलो होतो आणि थोरला ओकला, तेव्हा तो घरी चला म्हणत होता आणि मी "काही होत नाही, चल" म्हणून ओढलं. का, तर तीन महिन्यांनी मिळालेली एक सुट्टी, चार तास गाडी चालवलेली. पोरगा दिवसभर एका बाकावर पडून होता आणि मी त्याच्या शेजारी बसून ती जत्रा बघत होतो. चिडून. त्याच्यावर नाही, पण त्याला काय कळणार कुणावर. तो दिवस मी इथे सांगितला नव्हता.

चिमणीताईंचा नवरा पेपर वर धरून बसला, त्यात राग किती आणि हिरमोड किती ते बघा. हिरमोड जास्त असावा. आम्हाला तो नीट दाखवता येत नाही.

---

दुपारची_झोप | १:३८

हा प्रतिसाद नवऱ्याला दाखवणार.

---

तीन_कार्टी_एक_आई | २:१०

सायकल, मान गये. तीन महिन्यांनी मिळालेली सुट्टी, गेलेले पैसे, सासरच्यांना दिलेला शब्द, हे सगळं त्या झाडाखाली उभं असतंच. ते मनात दाबून "त्याला बरं वाटतंय, बघा कसा हसतोय" असं म्हणायला लागलो की गडबड. मी आता मोठ्याने म्हणते, "मला फार वाईट वाटतंय, मला जायचं होतं." एकदा बोललं की मग पोराच्या चेहऱ्यावर जे आहे तेच दिसतं, आपल्याला हवं ते नाही.

---

खिडकीतली_चिमणी | मंगळवार, रात्री १०:१५

धाग्यावर परत आले, कारण सांगण्यासारखं घडलंय.

आधी बातमी. ४८ तास उलटून गेले. घरात कुणालाही काही नाही. सासू-सासरे ठणठणीत, मी, नवरा, लेक ठणठणीत. नणंदेकडेही सगळे मजेत. धाकट्याला परत काही झालं नाही. म्हणजे संसर्ग नव्हताच म्हणायचा.

आता पुढचं. आज रात्री लेकीला झोपवताना थोरलीने लिहिलं होतं ते तिला माझ्या शब्दांत सांगितलं. की परत आलो ते तुझ्यामुळे नाही, आणि पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तू आणि बाबा, दोघंच जाणार. मला वाटलं खूश होईल. तर ती उठून बसली आणि ढसाढसा रडायला लागली, या वेळी आवाजासकट.

"माझ्यामुळेच झालं."

झालं होतं ते असं. मागच्या रांगेत धाकटा भुणभुण करत होता. हिने त्याला गप्प करायला आजीच्या पिशवीतून आजीचा मोबाइल काढला, आवाज बंद केला आणि मांडीवर ठेवून दोघं मान खाली घालून कार्टून बघत होती. एक तास. वर स्वतःच्या पिशवीतला बिस्किटांचा आख्खा पुडा त्याला दिला. म्हणून गप्प होता. पेंगत वगैरे नव्हता. आणि मी इथे ऐटीत लिहिलं होतं, आमच्याकडे नियमच आहे!

तीन दिवस ही पोर ते पोटात घेऊन फिरत होती. काचेला नाक लावून रडत होती ती वॉटर पार्कसाठी रडतेय असं मी धरून चालले होते.

---

गोळी_नको_डॉक्टर | १०:२८

मोबाइल, वळणं आणि आख्खा पुडा! निदान मी करणार नव्हते, पण आता मोह होतोय.

तिला सांगा की तिने त्याला आजारी केलं नाही. पुढच्या वेळी धाकट्याला असं बसवा की समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल, मधली जागा चांगली. त्याची स्वतःची सीट मात्र मागेच, पुढे नाही. निघण्याआधी थोडं हलकं खाणं, उपाशीही नको. काच जरा उघडी, तासाभराने एक थांबा. लांबची झाडं, पूल, ट्रक मोजायला द्या. ते काम ताईकडे सोपवा.

---

बिनब्रेकची_सायकल | १०:३५

म्हणजे गाडीच लागली होती! मी म्हटलं होतं! पुढे गेला असतात तरी चाललं असतं!!

---

उंबरठा | १०:३८

मंगळवारी रात्री कळलेली गोष्ट रविवारी सकाळी वापरता येत नाही, सायकलराव.

---

बिनब्रेकची_सायकल | १०:३९

ते आहेच म्हणा.

---

खिडकीतली_चिमणी | १०:५२

मीही तोच विचार करत होते. आज सगळं माहीत असूनही, पांढराफटक, पायाला बिलगलेला, पाणीसुद्धा न टिकणारा पोरगा आणि शेजारच्या गाडीत तान्हं बाळ, एवढंच समोर असतं तर मी परतच वळले असते. फक्त वळण्याआधी लेकीकडे एकदा बघितलं असतं. तिने तेव्हाच सांगितलं असतं कदाचित.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग लेकीच्या खोलीत गेला आणि अर्धा तास बाहेर आला नाही. आत दोघं सामानाची यादी करत होती. यादीत सर्वात वर "झाकणाचा डबा" असं तिच्या अक्षरात लिहिलंय, जणू बाबांनाच गाडी लागणार आहे.

आता एक शेवटचं, त्याशिवाय धागा बंद करवत नाही. मुलाच्या सीटच्या पट्ट्यांचा वास जात नाहीये. कव्हर मशीनला लावून झालं. पट्ट्या काढून मशीनला टाकू का? की ब्लीचमध्ये भिजवू?

---

तीन_कार्टी_एक_आई | १०:५८

नाही नाही नाही! दोन्ही नाही. पट्ट्या भिजवायच्या नाहीत, मशीनला लावायच्या नाहीत, ब्लीच तर अजिबात नाही. धागे कमजोर होतात आणि धक्का बसला तर त्याच पट्ट्यांवर पोराचा जीव असतो. सीटबरोबर आलेली पुस्तिका शोध, बहुतेक सगळ्यांत हेच लिहिलेलं असतं. कोमट पाणी, सौम्य साबण, फडकं पिळून घ्यायचं आणि पट्टीच्या दोन्ही बाजू पुसायच्या. मग साध्या पाण्याच्या फडक्याने. सावलीत वाळव.

आणि खरा वास पट्टीला नसतो, बकलात असतो. बकल उलटं धरून आत कोमट पाणी ओत, खटका दाबून सोड, दाबून सोड. माझ्याकडे पाचव्यांदा ओतल्यावर तुकडे बाहेर आले होते. नंतर "टक" असा आवाज येतो का ते तपास. नाही आला तर ती सीट वापरू नकोस. वंगण, तेल काही घालायचं नाही.

---

खिडकीतली_चिमणी | ११:२०

बकलातून अर्धं बिस्कीट निघालं. नक्षीसकट.